गाडी तापते केव्हा? : कारण शोधण्याविषयी

मागच्या व्याख्यानात आपण अनुमान म्हणजे काय ते पाहिलं. डोंगर, धूर आणि आग हे उदाहरण आपण बरंच दळलं. शेवटी एक श्रोते म्हणाले, "सर, दोन हजार वर्षं तुम्ही लोक तोच डोंगर आणि तोच धूर घेऊन बसला आहात, काहीतरी आजचं सांगा की." तक्रार रास्त आहे. म्हणून आज डोंगर ठेवू या, धूर बदलू या. डोंगर खंबाटकीचा, आणि धुराच्या जागी वाफ. ती आमच्याच गाडीच्या बॉनेटमधून निघालेली.

आधी गाडीची ओळख करून देतो. 2001 सालची, पेट्रोलवर चालणारी, चार सिलिंडरची छोटी गाडी. पंधरा वर्षं झाल्यावर पर्यावरण कर भरून पुनर्नोंदणी केली, पुढे पाच वर्षांनी पुन्हा केली. कंपनीचं नाव घेत नाही, कारण दोष बनावटीचा नव्हता हे पुढे दिसेलच. आम्ही दोघंही निवृत्त. साताऱ्याला आमच्या थोरल्या ताई राहतात, ऐंशीच्या पुढच्या. त्यांच्या डोळ्यात दर महिन्याला इंजेक्शन द्यावं लागतं आणि ते पुण्यात. म्हणजे महिन्यातून एकदा पुणे-सातारा-पुणे, आणि पुन्हा पोचवायला तेच. गाडी ठेवायचं आमचं कारण एवढंच. तिच्यावर भरवसा नसेल तर ती भंगारात गेलेली बरी, या विचारापर्यंत आम्ही आलो होतो.

तक्रार साधी होती : गाडी गरम होते.

आता या वाक्यापाशी थोडं थांबू. "पोटात दुखतं" असं म्हटलं तर डॉक्टर लगेच गोळी देत नाहीत. कुठे दुखतं, जेवणाआधी की नंतर, रात्री की सकाळी, असं विचारतात. "पोटात दुखतं" हे रोगाचं नाव नव्हे, दहा-बारा रोगांचं ते एक दार आहे. "गाडी गरम होते" हेही तसंच एक दार आहे. पण आम्ही गॅरेजमध्ये गेलो ते हे तीन शब्द टाकून खुर्चीत बसलो. समोरच्याने विचारलं नाही आणि आम्ही सांगितलं नाही. चूक दोघांची, पण आमची जास्त, कारण तर्कशास्त्र शिकवण्याचा पगार आम्ही घेतलेला आहे.

सोसायटीच्या कोपऱ्यावर एक तरुण मुलगा गॅरेज चालवतो. त्याने पाहिलं आणि म्हणाला, "थर्मोस्टॅट गेलाय." नवा टाकला. दोन दिवस गाडी गावात फिरवली, काटा अर्ध्याच्या खाली. आम्ही खूश. तिसऱ्या दिवशी साताऱ्याला निघालो आणि खंबाटकी चढताना काटा पुन्हा लालकडे. परत येऊन त्याला सांगितलं, तेव्हा त्याने थर्मोस्टॅट काढूनच टाकला आणि पिशवीत घालून आमच्या हातात दिला. आपल्याकडे ही जुनी रीत आहे. "आपल्या हवेत त्याची गरजच नाही" असं बरेच मेकॅनिक सांगतात. पुन्हा दोन दिवस गावात गाडी गार. पुन्हा सातारा रस्ता, पुन्हा लाल काटा.

यावरून आम्ही काय निष्कर्ष काढला असेल? की मुलाने डुप्लिकेट माल बसवला, आणि तो उघडकीला येऊ नये म्हणून काढून टाकला. बरं, मनात ठेवावं की नाही? संध्याकाळी सोसायटीच्या बाकावर चार लोकांत बोललो. त्यातल्या दोघांनी त्याच्याकडे गाडी नेणं बंद केलं. हे जरा लक्षात ठेवा, आपल्याला इथे परत यायचं आहे.

मग दुसरं गॅरेज. मोठं, काचेची केबिन, बिल संगणकावर. तिथे पाण्याचा पंप बदलला, फॅनची मोटर बदलली, रबरी पाइप बदलले, रेडिएटरमध्ये औषध घालून फ्लश मारला. हे सगळं एका दिवसात. आणि गाडी आता आधीपेक्षाही लवकर तापू लागली. पुन्हा नेली, तर निदान झालं की हेड गॅस्केट गेलं असणार, हेड उतरावं लागेल, बावीस हजार. आम्ही म्हटलं, विचार करून सांगतो.

आता इंजिन गार राहतं कसं, ते थोडक्यात पाहू. त्याशिवाय पुढचं कळणार नाही. पेट्रोल जळून जी उष्णता निघते तिचा ढोबळमानाने एक तृतीयांश भाग गाडी ओढायच्या कामी येतो, एक तृतीयांश सायलेन्सरमधून बाहेर पडतो, आणि उरलेला साधारण एक तृतीयांश इंजिनाभोवती फिरणाऱ्या पाण्याला उचलून न्यावा लागतो. म्हणजे इंजिन जेवढं काम करतं, जवळजवळ तेवढीच उष्णता रेडिएटरने हवेत टाकायची असते. हिशेब करून पाहू. माणसं धरून गाडी 1000 किलोची, चढ शंभर मीटरला सात मीटर, वेग ताशी 36 किलोमीटर, म्हणजे सेकंदाला 10 मीटर. नुसतं वर चढायला सुमारे 7 किलोवॅट लागतात. तितकीच जास्तीची उष्णता पाण्यात जाते. घरातले 2 किलोवॅटचे साडेतीन गीझर चालू करून ते रेडिएटरमध्ये ओतल्यासारखं आहे हे. सपाटीवर हे साडेतीन गीझर बंद असतात. शिवाय घाटात वेग कमी, म्हणून समोरून येणारा वाराही कमी.

पाण्याची वाट अशी असते. पंप पाणी इंजिनात ढकलतो. तिथून ते थर्मोस्टॅटमधून वरच्या पाइपने रेडिएटरमध्ये जातं, रेडिएटरच्या बारीक नळ्यांतून गार होऊन खालच्या पाइपने परत पंपाकडे येतं. आमच्या गाडीत तरी असं आहे, काही गाड्यांत थर्मोस्टॅट परतीच्या बाजूला असतो. थर्मोस्टॅटच्या पोटात मेण असतं. पाणी ठरावीक तापमानाला, साधारण 82 अंशांच्या आसपास, आलं की मेण फुगतं आणि वाट उघडते. एक गोष्ट इथेच मनाशी बांधून ठेवा : वरच्या पाइपमध्ये पंप पाणी ढकलतो, खालच्या पाइपमधून पाणी ओढतो.

आणि टोपण. रेडिएटरचं टोपण हे डब्याचं झाकण नव्हे, ते कुकरची शिट्टी आहे. महाबळेश्वरला पाणी 95-96 अंशांनाच उकळतं, कारण तिथे हवेचा दाब कमी. टोपणाचं काम याच्या बरोब्बर उलट, ते आतला दाब वाढवतं. 0.9 बारचं टोपण असेल तर पुण्याच्या उंचीवरही साधं पाणी सुमारे 118 अंशांपर्यंत उकळत नाही. म्हणून इंजिनातलं 110 अंशांचं पाणी पाणीच राहतं. टोपण काढलं की त्याच क्षणी त्यातला काही भाग वाफ होतो, आणि एक लिटर पाण्याची वाफ 1600 लिटरहून जास्त जागा मागते. ती जागा तुमच्या हाताच्या दिशेने असते.

हे आम्हाला माहीत होतं. तरी मे महिन्यात, दुपारी साडेबाराला, खंबाटकीच्या वळणावर बॉनेटमधून वाफ निघाली तेव्हा आम्ही दहा मिनिटं थांबलो, हाताला रुमाल गुंडाळला आणि टोपण फिरवलं. उजव्या मनगटावरचा डाग पुढच्या रांगेला दिसत असेल. सौ. मागे उभ्या होत्या, चेहरा वाचला तो त्यांनी खांदा मागे ओढला म्हणून. ताई साताऱ्याला तयार होऊन बसल्या होत्या. त्या दिवशी त्या पुण्याला आल्या नाहीत, इंजेक्शन आठ दिवस पुढे गेलं. डोळ्याच्या त्या आजारात आठ दिवस म्हणजे काय, हे ज्यांच्या घरी आहे त्यांना सांगायला नको.

हात पाण्याखाली धरला, मलमपट्टी झाली आणि गाडी टो करून घाटाखाली, सुरूरच्या अलीकडे एका गॅरेजात नेली. पत्र्याची शेड. मालक साठीचे, एसटीच्या कार्यशाळेतून निवृत्त झालेले. आम्ही आमची यादी सुरू केली : थर्मोस्टॅट बदलला, पंप बदलला, फॅन बदलला… त्यांनी हात वर केला. म्हणाले, "काय काय बदललं ते नंतर सांगा. आधी सांगा, तापते केव्हा?"

मित्रहो, आजचं व्याख्यान खरं म्हणजे या एका प्रश्नावर आहे. आम्ही तीन महिने 'का' विचारत होतो. 'का'चं उत्तर बॉनेटखाली दडलेलं असतं, ते दिसत नाही. 'केव्हा'चं उत्तर मात्र आमच्याजवळ होतं, आम्हीच चालवत होतो ना गाडी!

त्यांचे प्रश्न असे. सिग्नलला, गर्दीत उभी असताना तापते का? नाही, फॅन सुरू होतो आणि काटा खाली येतो. म्हणजे फॅन, त्याची मोटर, त्याची वायर, हे संशयितांच्या रांगेतून बाहेर. गाडी उभी असताना वारा फक्त फॅनचा असतो, तेव्हा जर ती गार राहते तर फॅन ठीक आहे. आणि आम्ही तर त्याची मोटर बदलून बसलो होतो. सकाळी चालू केल्यावर चार-पाच मिनिटांत तापते का? नाही. गॅस्केट उडालं असेल, पाण्यात हवा अडकली असेल किंवा थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला असेल, तर इतका धीर सहसा धरत नाही. पाणी कुठे गळताना न दिसता कमी होतं का? उकळून बाहेर गेलं तेवढंच. काटा लाल असताना पाणी खरंच तापलेलं असतं का? आम्ही मनगट दाखवलं. ते हसले नाहीत. म्हणाले, "विचारावं लागतं. वायरिंगची अर्थिंग खराब असली की काटा खोटं बोलतो." घाटात तापल्यावर गाडी बाजूला घेऊन इंजिन चालूच ठेवलं तर? दोन-तीन मिनिटांत काटा खाली येतो. आणि सातारहून परत येताना?

इथे आम्ही गप्प झालो. परत येताना गाडी कधीच तापली नव्हती. ज्यांना तो रस्ता माहीत आहे त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला असेल : तेव्हा पुण्याहून जाताना घाट चढावा लागायचा, साताऱ्याहून येताना बोगदा होता. प्रत्येक वेळी हे घडत होतं आणि प्रत्येक वेळी आम्ही गाडीत बसून म्हणत होतो, "बघा, परत येताना शहाणी झाली."

म्हणजे गाडी तापते ती इंजिनावर भार असताना आणि इंजिनाचे फेरे जास्त असताना. एवढं कळल्यावर बारा संशयितांतले आठ घरी गेले. उरले कोण? रेडिएटर आतून तुंबला असेल, पंप पाणी पुरेसं फिरवत नसेल, एखादा पाइप वाट अडवत असेल, फार तर इग्निशनचं टायमिंग.

मग त्यांनी हात लावला. पण हत्यार घेतलं नाही, हे आम्हाला फार आवडलं. इंजिन पूर्ण गार होऊ दिलं. टोपण काढून गार इंजिन चालू केलं आणि रेडिएटरच्या तोंडात बुडबुडे येतात का ते पाहिलं. नाही. ऑइलची पट्टी पाहिली, ऑइलमध्ये दुधट फेस नाही. टोपण लावून पहिल्या मिनिटातच वरचा पाइप दाबून पाहिला, तो दगडासारखा ताठ झालेला नाही. गॅस्केटमधून सिलिंडरमधला दाब पाण्यात शिरत असता तर तो झाला असता. आम्ही अधीर होऊन विचारलं, "म्हणजे गॅस्केट चांगलं आहे?" उत्तर मिळालं, "ते मला माहीत नाही. गेल्याचा पुरावा दिसत नाही." आमच्या एम. ए.च्या वर्गात पुराव्याचा अभाव आणि अभावाचा पुरावा यातला फरक इतक्या नेमकेपणाने कुणी सांगितल्याचं आठवत नाही, आम्ही धरून.

इंजिन तापल्यावर त्यांनी मुलाला ॲक्सिलरेटर दाबायला लावलं आणि स्वतः टॉर्च घेऊन खाली वाकले. "या, बघा." खालचा पाइप आमच्या डोळ्यांदेखत चपटा झाला. लहान मूल ज्यूसच्या खोक्याची नळी जोरात ओढतं, तेव्हा खोक्याच्या बाजू आत बसतात ना, तसा. मुलाने पाय काढला, पाइप पुन्हा गोल. दाबला, पुन्हा चपटा.

आम्ही बॉनेट किती वेळा उघडलं होतं! पण दर वेळी गाडी थांबवून. गाडी थांबली की फेरे कमी, फेरे कमी की पंपाची ओढ कमी, आणि पाइप गोल. आम्ही पाहायला जायच्या आधीच पुरावा पुसला जात होता, आणि तो पुसणारे आम्हीच होतो.

आता पाइप चपटा का झाला? त्यांनी दोन कारणं दाखवली. पाइप मऊ होता. कंपनीच्या मूळ पाइपमध्ये आत तारेची स्प्रिंग होती, ती ओढ सहन करते. मोठ्या गॅरेजने बसवलेल्या पाइपमध्ये ती नव्हती. पण नुसत्या मऊपणाने भागत नाही, ओढही जास्त पाहिजे. मग त्यांनी बंदुकीसारखा थर्मामीटर आणला. कोरोनात कपाळावर धरायचे तसा दिसणारा, पण वर्कशॉपचा. फॅनची वायर काढून रेडिएटरच्या जाळीवरून तो आडवा फिरवला. एका बाजूचा जवळजवळ एक तृतीयांश भाग बाकीच्या जाळीपेक्षा कितीतरी गार लागला. रेडिएटर गार, म्हणजे चांगलंच की, असं वाटेल. पण नाही. तिथे गरम पाणी पोचतच नव्हतं, नळ्या क्षारांनी बुजल्या होत्या. रेडिएटरमधून पाणी पुरेसं येईना, पंप जोराने ओढी, आणि मऊ पाइप चपटा होऊन उरलीसुरली वाटही बंद करी.

क्षार कुठून आले? आमच्या सोसायटीत मार्चनंतर टँकर आणि बोअर. पाणी कमी दिसलं की आम्ही बादलीतून तांब्याने भरत होतो, वर्षानुवर्षं. कूलंट हे दुकानदारांचं खूळ आहे, असंही आम्ही कुणालातरी ऐकवलेलं आहे.

आता आपल्या मूळ विषयाकडे येऊ. कारण कशाला म्हणायचं? नैयायिक सांगतात की कार्याच्या आधी नियमाने असतं ते कारण, पण एक अट आहे, ते 'अन्यथासिद्ध' नसावं. त्यांचं लाडकं उदाहरण कुंभाराच्या गाढवाचं. गाढवाने माती आणली, मग घडा झाला. गाढव आधी होतं खरं, पण ते घड्याचं कारण नाही. माती दुसऱ्या कशानेही आली असती. आपल्या भाषेत कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ. आमच्या प्रकरणात थर्मोस्टॅट हे कुंभाराचं गाढव होतं. तो बदलल्यावर दोन दिवस गाडी गार राहिली, म्हणून पहिल्यांदा आम्ही त्याला श्रेय दिलं. अहो, ती बदलायच्या आधीही गावात गारच राहत होती! जिथे दोष दिसतच नाही, तिथे आम्ही दुरुस्तीची परीक्षा घेत होतो.

पण यापेक्षा अवघड गोष्ट पुढे आहे. अन्वय-व्यतिरेक आपण सगळे वापरतो, नाव माहीत नसलं तरी. वस्तू आहे तर परिणाम आहे, वस्तू काढली तर परिणाम नाही, म्हणून ती वस्तू कारण. जॉन स्टुअर्ट मिल यांनी 1843 च्या त्यांच्या तर्कशास्त्रावरच्या ग्रंथात भेदाची पद्धत म्हणून जी मांडली, ती याच्याच जवळची. एकेक भाग बदलून पाहणारा मेकॅनिक हीच पद्धत वापरत असतो. ती फसते केव्हा? दोष दोन असतात तेव्हा. समजा आम्ही फक्त पाइप बदलला असता. रेडिएटर तुंबलेलाच, गाडी घाटात तापलीच असती. आम्ही म्हटलं असतं, पाइपचा संबंध नाही. समजा फक्त रेडिएटर बदलला असता आणि मऊ पाइप तसाच राहिला असता. मोठ्या चढाला तो पुन्हा आत बसण्याची धास्ती होतीच, आणि बसला असता तर आम्ही म्हटलं असतं, रेडिएटरचा संबंध नाही. दोन्ही खरे गुन्हेगार एकमेकांच्या आड सुटले असते. मिलनेही अनेक कारणांचा आणि परिणाम एकमेकांत मिसळण्याचा हा प्रश्न ओळखला होता, त्यावर त्याने स्वतंत्र प्रकरण लिहिलं आहे.

आमच्या बाबतीत तर दुसरा दोष हा दुरुस्तीतूनच आला. पहिल्यांदा गाडी तापत होती ती नुसत्या रेडिएटरमुळे. पंपाबरोबर मऊ पाइप आला आणि ती लवकर तापू लागली. त्या दिवशी चार गोष्टी एकदम बदलल्या होत्या, म्हणून बिघाड वाढला तो कशाने, हे सांगायची सोयच उरली नव्हती. जुनी गाडी वारंवार दुरुस्त केली की ती मूळची गाडी राहत नाही. ती मूळ दोष आणि दुरुस्त्यांचे दोष यांची बेरीज होते, आणि नव्या मेकॅनिकसमोर ती बेरीज येते.

सुरूरच्या गृहस्थांनी हे कसं सोडवलं, ते पाहण्यासारखं आहे. आधी फक्त पाइप बदलला, स्प्रिंगवाला. आम्हाला शेजारी बसवून बोगद्यातून पलीकडे खंडाळ्याला नेलं, म्हणजे सातारा जिल्ह्यातल्या खंडाळ्याला, लोणावळ्याच्या नव्हे, आणि तिथून वळून घाट चढवला. काटा पाऊणपर्यंत गेला, लाल झाला नाही. दुसऱ्या दिवशी नवा रेडिएटर, कारण प्लास्टिकच्या टाक्यांच्या ॲल्युमिनियम रेडिएटरला जुन्या पितळी रेडिएटरसारखं रॉडिंग करून साफ करणं जमत नाही. पुन्हा तोच फेरा, तीच दुपारची वेळ. काटा अर्ध्यावर, हलला नाही. मग नवं टोपण, निम्मं कूलंट आणि निम्मं शुद्ध पाणी, आणि थर्मोस्टॅट परत जागेवर.

कोणता थर्मोस्टॅट? त्या तरुण मुलाने पिशवीत घालून दिलेला डिकीत पडून होता. मालक म्हणाले, "घरी जाऊन उकळून बघा, चांगला असला तर घेऊन या." पुण्याला एसटीने परतलो होतो, पिशवी बरोबर होती. सौ.नी पातेलं दिलं, नातीच्या शाळेच्या प्रयोगाचा थर्मामीटर सापडला. थर्मोस्टॅटवर 82 कोरलेलं होतं. दोऱ्याला बांधून पाण्यात सोडला. 80 ला बंद. 83 च्या आसपास फट दिसली. 95 ला तोंड पूर्ण उघडलं. पाणी निवू दिलं तसा मिटला. डुप्लिकेट असो की अस्सल, तो आपलं काम चोख करत होता.

आता आणखी एक गोष्ट पाहा. त्या मुलाने थर्मोस्टॅट काढला आणि तरी गाडी तापली. हा खरं तर उत्तम प्रयोग होता. थर्मोस्टॅटच नाही आणि तापणं आहे, म्हणजे तापण्याला थर्मोस्टॅट लागत नाही. त्या प्रयोगाने मुलगा निर्दोष ठरत होता. आम्ही तोच प्रयोग त्याच्याविरुद्धचा पुरावा म्हणून वापरला, कारण आमचा निकाल आधी लागला होता आणि साक्ष नंतर झाली.

त्याच्याकडे गेलो, सगळं सांगितलं. तो म्हणाला, "सर, तेव्हा विचारलं असतं तर मी पण सांगितलं असतं की, मला नक्की कळत नाहीये." बाकावरही जाऊन सांगितलं. पहिल्यांदा ऐकायला चार जण होते, या वेळी दोन होते. उरलेल्या दोघांना घरी जाऊन गाठलं. त्यातल्या एकाने अजून गाडी त्याच्याकडे नेलेली नाही.

बरं, दोन-तीन प्रश्न घेऊ.

"थर्मोस्टॅट काढलेलाच बरा का?" नाही. इंजिन बराच वेळ थंड राहतं, गाडीला वाटतं अजून सकाळच आहे आणि ती पेट्रोल जास्त ओतत राहते. आणि थर्मोस्टॅट अडकला आहे अशी शंका असेल तर पातेलं आहेच. मेकॅनिकला मात्र जुना भाग परत मागायचा, दर वेळी.

"आमच्या गाडीला सीएनजी किट बसवल्यापासून ती तापते." बसवल्यापासून की बसवल्यावर काही दिवसांनी? हे आधी नीट आठवा. सीएनजीचा दाब कमी करणारा जो रिड्यूसर असतो तो गार पडतो, म्हणून त्याला इंजिनाचं गरम पाणी देतात. त्यासाठी मूळ पाइप कापून नवे जोड घातलेले असतात. ते जोड गळतात का, आणि त्या कामानंतर आतली हवा काढली होती का, हे आधी पाहायला सांगा. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायला सांगा.

"घाटात काटा चढायला लागला तर काय करायचं?" एसी बंद. हीटर असेल तर पूर्ण चालू, खिडक्या उघड्या. घाम येईल, पण तो छोटा दुसरा रेडिएटरच आहे. डावीकडे सुरक्षित जागी थांबा. वाफ नसेल तर इंजिन दोन-तीन मिनिटं तसंच चालू ठेवा आणि काट्याकडे बघा, खाली येतो की वर जातो ते लिहून ठेवा, मेकॅनिकला सांगायचं आहे. वर जात असेल किंवा वाफ असेल तर लगेच बंद. तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतू नका, हेड तडकतं. आणि वरचा पाइप हाताने सहज धरता येईपर्यंत टोपणाला हात लावायचा नाही. आम्ही दहा मिनिटं थांबलो होतो. त्या दुपारी तो पाइप धरण्याजोगा व्हायला पाऊण तास लागला.